नैराश्य दाखवायचं कसं, आणि कुणाचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक सोलापूरच्या पूर्व भागात राहणारा २६ वर्षांचा तरुण आहे. लग्नाचे आणि प्री-वेडिंगचे व्हिडिओ करतो. त्याच्या वहिनी घरी शाळेचे गणवेश शिवतात. दीड वर्षापासून त्या नैराश्यावर उपचार घेत आहेत आणि आता बऱ्याच सावरल्या आहेत. गणपतीत मंडळाच्या पडद्यावर दाखवण्यासाठी त्यानं या विषयावर पाच मिनिटांची फिल्म केली. मित्राच्या बहिणीनं त्यात काम केलं. कृष्णधवल चित्रण, अंधारी खोली, कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसलेली मुलगी, काचेवर ओघळणारा पाऊस, वर फिरणारा पंखा, स्लो मोशनमधला अश्रू आणि शेवटी सिद्धेश्वर तलावाकाठचा सूर्योदय. मित्र म्हणाले, अंगावर काटा आला. वहिनी बघून म्हणाल्या, "भावजी, मी अशी कोपऱ्यात बसून राहिले असते तर घरात भाकऱ्या कुणी केल्या असत्या?" भाऊ म्हणाला, "घरातलं गल्लीत नेऊ नकोस." आता त्याचे प्रश्न असे: नैराश्य खरं वाटावं यासाठी कोणतं तंत्र वापरू? वहिनींनाच कॅमेऱ्यासमोर बसवू का? त्या तर "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं" म्हणाल्या आहेत. आणि भावाचं ऐकायचं की नाही?

प्रिय मित्रा,

वहिनींचं वाक्य तुम्ही नापसंती म्हणून घेतलंत. इतकी मेहनत केल्यावर वाईट वाटणारच. पण ते वाक्य पुन्हा एकदा शांतपणे वाचा. काय काय सांगून टाकलंय त्यांनी! आजार होता तेव्हाही भाकऱ्या होत होत्या. मशिन चालत होतं. पाहुण्यांना चहा मिळत होता. त्या काळात घरात कुणाला काही दिसलं नाही, कारण सगळे अंधाऱ्या कोपऱ्यात बघत होते आणि वहिनी उजेडात, चुलीपुढे होत्या. तुमच्या फिल्मचा विषय हाच आहे, असं मला वाटतं.

तुम्ही तंत्र विचारलंय. ते सांगतोच, पण त्याआधी तुमच्या मनात जे चित्र आपोआप उमटलं ते आलं कुठून, ते पाहू. हातात डोकं धरलेलं माणूस ही प्रतिमा फार जुनी आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररनं १५१४ साली केलेल्या एका प्रसिद्ध कोरीव चित्रात पंख असलेली एक स्त्री गालाला मूठ टेकवून बसली आहे. विषण्णता दाखवण्याची ही पद्धत त्याच्याही आधीपासून चालत आलेली. व्हॅन गॉगनं १८९० साली, मृत्यूच्या दोनेक महिने आधी, खुर्चीत बसून दोन्ही मुठींत चेहरा लपवलेला म्हातारा रंगवला. ही मोठी चित्रं आहेत आणि ती खोटी नाहीत. अडचण पुढे झाली. तीच बैठक हजारो फोटोंत, जाहिरातींत, पोस्टरांवर येत गेली आणि नैराश्याचा जणू गणवेश ठरली. ब्रिटनमध्ये 'टाइम टू चेंज' नावाच्या मोहिमेनं तर अशा डोकं धरून बसलेल्या फोटोंविरुद्ध आवाज उठवला आणि वृत्तपत्रांना वापरता यावेत म्हणून वेगळे फोटो मोफत उपलब्ध करून दिले.

यात नुकसान कुणाचं होतं? तुमच्याच गल्लीत पडद्यासमोर बसलेल्या एखाद्या बाईचं. तिला पहाटे तीनला जाग येते, जेवणाची चव गेलेली असते, अंग दुखतं, लेकरावर विनाकारण ओरडल्याची बोच दिवसभर राहते. पण ती कामाला जाते, विड्या वळते, घरचं सगळं करते. तुमची फिल्म बघून ती म्हणेल, "माझं काही असं नाही. मी कुठं कोपऱ्यात बसलेय?" आणि उठून घरी जाईल. मित्रांच्या अंगावर काटा आला हे खरं असेल, पण ज्याच्यापर्यंत पोहोचायचं होतं तो माणूस सुटला. पुरुषांच्या बाबतीत तर हे आणखी होतं. त्यांचं नैराश्य पुष्कळदा चिडचिड, दारू, "डोकं जड आहे", "छातीत धडधडतंय" या रूपांत घरात वावरत असतं, आणि असा माणूस पहिल्यांदा जातो तो फॅमिली डॉक्टरकडे, अंगदुखीच्या गोळ्या मागायला.

आता तुमच्या शॉट्सकडे येतो.

पाऊस काढा. सोलापूर पर्जन्यछायेतलं गाव. इथल्या माणसाच्या दुःखाला खिडकीवरच्या पावसाची सवय नाही. वहिनींचा कामाचा हंगाम शाळा उघडण्याच्या आधीचा, म्हणजे एप्रिल-मे. पारा चाळिशीपार, पत्र्याच्या उजेडानं डोळे दिपलेले, दारात गणवेशांच्या कापडाचे गठ्ठे. या प्रखर उजेडात एक बाई मशिनसमोर बसली आहे आणि तिला सुईत दोरा ओवायचा आहे. एवढाच शॉट घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, हलवायचा नाही. दोरा ओवायला लागेल तेवढा वेळ लागू द्या, मग तो पाऊण मिनिट असो. मध्ये तिचा हात थांबतो, ती दाराकडे बघते, परत सुईकडे येते. कापू नका. नैराश्यात विचार आणि हालचाली मंदावतात, साधी गोष्ट ठरवायलाही जोर लावावा लागतो, हे डॉक्टर तपासताना बघतात. प्रेक्षकाला ते सांगून कळत नाही. त्याला स्वतःला त्या पाऊण मिनिटात अडकावं लागतं.

स्लो मोशन मात्र नको. लग्नाच्या कामामुळे तुमचा हात तिकडे वळतो हे समजतं. पण स्लो मोशन, गिंबलवर तरंगणारा कॅमेरा, उघडं ॲपर्चर ठेवून धूसर केलेली पार्श्वभूमी, ही सगळी हत्यारं नवरीला सुंदर दाखवण्यासाठी तुम्ही शिकलात. ती दुःखावर वापरली की दुःखही सुंदर दिसू लागतं, हवंहवंसं वाटतं. मला हे धोक्याचं वाटतं, विशेषतः कोवळ्या वयाच्या प्रेक्षकांसाठी. शिवाय तांत्रिक कटकट वेगळीच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि स्लो मोशनसाठी सेकंदाला १२० फ्रेम घेतल्या की चित्र थरथरतं. सरळ २५ फ्रेम ठेवा, शटर सेकंदाचा पन्नासावा भाग. घर घरासारखं दिसेल.

एकटेपणा दाखवायला रिकामी खोली लागत नाही. उलट माणसांनी भरलेली खोली घ्या. रविवारी नणंद आली आहे, सगळे बसून बोलताहेत, हसताहेत. कॅमेरा स्वयंपाकघराच्या दारापाशी. पुढे, अगदी जवळ, भाकरी थापणारी पात्राची पाठ किंवा खांदा, आणि फोकस मागच्या हसणाऱ्या माणसांवर. ती चित्रात आहे, सगळ्यांत मोठी आहे, पण स्पष्ट नाही. कुणी तिला हाक मारतं. फोकस तिच्यावर येतो, ती वळून हसते, "हो, आणते" म्हणते. फोकस परत मागे. एका शॉटमध्ये तुमचं अर्धं म्हणणं मांडून होईल. आणखी एक: माणूस ज्या बाजूला बघतो तिकडे चौकटीत मोकळी जागा सोडायची, असं आपण शिकतो. एखाद्या शॉटमध्ये उलटं करा. नाकासमोर लगेच चौकटीची कड, सगळी मोकळी जागा पाठीमागे. बघणाऱ्याला गुदमरल्यासारखं होतं, का ते त्याला सांगता येत नाही. पण हे एकदाच. तीनदा केलंत तर ती युक्ती म्हणून उघडी पडेल.

स्थिर माणूस आणि भोवती धूसर गर्दी हा फोटो तुम्हाला नवी पेठेत काढायचा आहे, असं लिहिलंय. तो बराच वापरून झालेला आहे, तरी पोस्टरसाठी चालेल. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ १६ ठेवलं तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाजवळ येतो. सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे आत येणारा प्रकाश बराच कमी करणारी गडद काच, लावलात तर अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर जाईल, आणि चालणारी माणसं पुसट व्हायला तेवढं पुरतं. उभ्या माणसाच्या पाठीमागे भिंत किंवा दुकानाचं बंद शटर असू द्या, म्हणजे मागची हालचाल त्याच्या कडांत मिसळणार नाही. त्यानं मात्र अजिबात हलायचं नाही.

आवाजाबद्दल तुम्ही पत्रात काहीच विचारलं नाहीत. तुमच्या फिल्ममध्ये पियानो आहे. तो काढून टाका. तुमच्या गल्लीत दिवसभर मागाची खटखट असते. घरातल्यांना ती ऐकूही येत नाही, इतकी अंगवळणी पडलेली. शिलाई मशिनचा आवाज त्या खटखटीवर ठेवा: चालू, बंद, चालू, मग बराच वेळ बंद. कुणी बोलत असताना शब्द ऐकू येत राहावेत, पण खटखट हळूहळू वर चढत जावी आणि शेवटची दोन-तीन वाक्यं तिच्यात बुडून जावीत. लक्ष न लागणं म्हणजे काय हे चेहऱ्यावरून दाखवता येत नाही, कानांवरून येतं.

राहिला रंग. कृष्णधवल करायला तुम्हाला का सुचलं हे मी समजू शकतो, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं की नैराश्य असलेल्या रुग्णांच्या डोळ्याच्या पडद्याचा गडद-फिक्या फरकाला मिळणारा प्रतिसाद कमी झालेला होता. म्हणजे "सगळं फिकं दिसतं" या तक्रारीत शरीराचाही वाटा असू शकतो. २०१७ साली अमेरिकेत १६६ जणांचे इन्स्टाग्रामवरचे सुमारे ४४,००० फोटो संगणकानं तपासले गेले. नैराश्य असलेल्यांचे फोटो इतरांपेक्षा सरासरीनं अधिक निळसर, करडे आणि काळपट निघाले. तरीही मी गणवेशांचे रंग ठेवीन. निळा, खाकी, लाल चौकडी, सगळे जसेच्या तसे. रंग समोर आहेत आणि त्यांचं काहीच वाटत नाही, आवडीच्या गोष्टीतली गोडीच गेली, हे या आजाराचं एक मुख्य लक्षण आहे. फार तर ग्रेडिंग, म्हणजे शेवटी रंग-उजेड जुळवण्याचं काम, करताना पाच मिनिटांत हळूहळू कॉन्ट्रास्ट थोडा उतरवत न्या, बघणाऱ्याच्या लक्षात येणार नाही इतका.

त्या इन्स्टाग्रामच्या अभ्यासातली माझ्या मनात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. ते फोटो आजारी माणसांचे दुसऱ्यांनी काढलेले नव्हते, त्या माणसांनी स्वतः निवडून टाकलेले होते. कॅमेरा कुणाच्या हातात आहे, यानं सगळं बदलतं. १८५०च्या दशकात इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या मनोरुग्णालयात ह्यू डायमंड नावाचे डॉक्टर रुग्ण स्त्रियांचे फोटो काढत. चेहऱ्यावरून आजार वाचता येईल आणि स्वतःचा फोटो पाहून रुग्णाला फायदा होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. हेतू चांगला होता. पण आज ते फोटो पाहताना त्या बायकांना काय सांगायचं होतं हे कळायला काही मार्ग नाही. याच्या अगदी उलट काम १९९०च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात झालं. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी खेड्यातल्या बायकांच्याच हातात कॅमेरे दिले. त्यांनी आपल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढले, त्यांवर एकत्र बसून बोलल्या. ही पद्धत पुढे फोटोव्हॉइस नावानं जगभर वापरली गेली.

तुम्हीही हे करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. वहिनींना म्हणा, "आठवडाभर रोज मोबाइलवर एक-दोन फोटो काढाल का? तेव्हा जे जड जायचं, त्याचे." काय काढायचं ते सुचवू नका. कदाचित त्या पहाटेच्या न उजाडलेल्या खिडकीचा फोटो काढतील, कारण पुष्कळ रुग्णांना सकाळ सर्वांत अवघड जाते. कदाचित न धुतलेल्या केसांच्या फणीचा. कदाचित तुम्हा सगळ्यांच्या चपलांचा. मग विचारा, हाच का? त्या जे सांगतील ती तुमची पटकथा. एक काळजी घ्या: सर्वांत वाईट दिवस पुन्हा करून दाखवायला त्यांना कधीच सांगू नका, आणि हे काम सुरू करण्याआधी त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारलेलं बरं. एखाद्या दिवशी फोटो नको वाटला तर नको.

आता त्या "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं" बद्दल. तुम्ही याला होकार धरलंय. मी धरणार नाही. आपल्या घरांमधून सून दिराला, तेही सगळ्यांसमोर, सरळ नाही म्हणत नाही. शिवाय आजारपणात तुम्ही दवाखान्यात नेलं असेल, औषधं आणली असतील. त्या उपकारांच्या ओझ्याखाली नकार आणखी अवघड. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, यात अशी तरतूद आहे की मानसोपचार संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येणार नाही. तुमची फिल्म घरची आहे, पण त्यामागचं तत्त्व घरातही लागू व्हायला हवं: संमती तिची, नवऱ्याची किंवा सासूची नाही. एकट्या असताना विचारा, किंवा तुमच्या बहिणीला विचारायला सांगा. "नको म्हणालात तरी मला चालेल, माझ्याकडे दुसरा मार्ग आहे" हे आधी सांगा आणि तो मार्ग खरंच तयार ठेवा. आठवड्यानं पुन्हा विचारा. पूर्ण झालेली फिल्म सर्वांत आधी त्यांना दाखवा, आणि पडद्यावर जाण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा त्या "नको" म्हणू शकतात, हे ठरवून टाका.

चेहरा न दाखवता फक्त हात आणि आवाज घेतला तर, असंही तुम्ही विचारलंय. मुंबईत दाखवायची असती तर चाललं असतं. तुमच्या गल्लीत ते हात, तो आवाज, ते मशिन सगळ्यांना ओळखीचं आहे. चेहरा झाकून ओळख झाकली जाणार नाही.

म्हणून भावाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. "घरातलं गल्लीत नको" यात लोकलाजेचा भाग असेलही, पण त्यांची मुलगी उद्या शाळेत जाणार आहे आणि तिला कुणी काय विचारेल ही भीती खरी आहे. त्या दीड वर्षातल्या रात्रीही त्यांनीच काढल्या असणार. त्यांच्याशी फिल्मबद्दल वाद घालण्याआधी, तो काळ तुला कसा गेला रे दादा, एवढं विचारा. कुणी विचारलं नसेल. त्यातून तुमच्या फिल्मला न सुचलेलं एखादं दृश्यही मिळेल, पण त्यासाठी विचारू नका.

माझा कौल असा: वहिनींचे फोटो आणि त्यांचं बोलणं त्यांच्याकडेच राहू द्या. त्यातून उभी राहिलेली गोष्ट कलाकाराला घेऊन करा. पात्राचं काम बदला, घर बदला. मशिनऐवजी टॉवेलच्या कारखान्यात घडी घालणारी बाई असेल, किंवा रिक्षा चालवणारा पुरुष असेल. दोरा ओवण्याच्या जागी त्या कामातली तशीच एखादी बारीक, चिकाटीची गोष्ट शोधा. आणि पहिला प्रयोग तुमच्या मंडळात नको. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो, त्या सुमाराला एखाद्या महाविद्यालयात किंवा दुसऱ्या पेठेतल्या मंडळात दाखवा. गल्लीत पुढच्या वर्षी दाखवता येईल, वहिनींना तेव्हा तसं वाटलं तर.

दोन गोष्टींवर मात्र माझी तडजोड नाही. पंख्याचा शॉट काढा. तुम्ही तो सूचक म्हणून घेतलाय. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येऊन गेलेत, त्याच्यासाठी तो सूचक राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली चित्रपट आणि नाटक करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन काढलं. त्यातही आत्महत्येची कृती किंवा साधन दाखवणं टाळावं आणि मदत घेणारी, सावरणारी माणसं दाखवावीत असं सांगितलं आहे. दुसरी गोष्ट तो सूर्योदय. एका रात्रीत हसू परतत नाही. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, सहसा काही महिने, ती घ्यावी लागतात. सूर्योदय बघून घरी गेलेला माणूस आठव्या दिवशी गोळी बंद करेल. त्याऐवजी गोळ्यांची पट्टी दाखवा, नाव दिसणार नाही अशी, अर्धी संपलेली. ओपीडीतली रांग दाखवा. तिथं बसलेली साधी माणसं, हातात केसपेपर, शेजारी सोबतीला आलेलं कुणीतरी. मानसोपचाराची रांग इतर कुठल्याही रांगेसारखीच असते, हे दाखवलंत तरी पुष्कळ. मात्र खऱ्या रुग्णांचं चित्रण करू नका. मित्रांना बसवून रांग उभी करा.

फिल्म दाखवाल त्या दिवशी सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागातल्या किंवा ओळखीच्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांना यायची विनंती करा. पडदा बंद झाल्यावर कुणी तरी बाजूला येऊन हळूच विचारतंच, आणि तेव्हा उत्तर देणारं माणूस हवं. शेवटच्या पाटीवर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक टाका. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पाटी पांढऱ्यावर काळ्या मोठ्या अक्षरांत करा आणि निदान पंधरा सेकंद ठेवा. अंधारात पिशवीतून मोबाइल काढून नंबर उतरवायला तेवढा वेळ लागतो.